पेवातल्या बाटल्या

आमच्या घरमालकांना परभणीत दारुडा म्हणत. म्हणणारे बहुतेक आता मेले, उरले त्यांना ऐकू येत नाही, तरी मी त्या गावाला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. ज्या माणसाची आयुष्यात एकदा झोकांडी गेली नाही, ज्याची जीभ एकदा जड झाली नाही, तो दारुडा! आणि ज्यानं तालुकाभर शिंदीखाने, म्हणजे दारूचे गुत्ते, उघडले तो पंचांतला मोठा माणूस. मला संताप येतो तो इथं.

मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. सरकारी शाळेत हिसाब शिकवायचो. निजामाचा अंमल होता, त्यामुळे शिकवायचं उर्दूतून, आणि माझी उर्दू अशी की पोरं मला दुरुस्त करीत. मालक कापसाचे दलाल होते. लिंगायत वाणी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल. लोक त्यांना अप्पा म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक वाण्याला गाव अप्पाच म्हणे, तेव्हा मी त्यांचं नाव सांगितलं असं कुणी समजू नये.

अप्पांच्या धंद्याचं सगळं भांडवल त्यांचं नाक. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारायची खोड तेव्हाही होती. वरचा थर कोरडा ठेवीत, हात घालून पाहणारे फसत. अप्पा गाडीतल्या कापसात मान खुपसत, एकदा हुंगत आणि बाहेर येऊन सांगत, "भिजवलाय. काल सांजच्याला." कापूस मुंबईला आणि तिथून विलायतेला जाई. खरेदीला गोरे येत, जपानी येत, एक ग्रीक यायचा. त्या सगळ्यांचा अप्पांच्या नाकावर देवावर असावा तसा विश्वास. हंगाम संपला की ते खुशीनं काही ना काही देत. पहिल्यांदा एकानं फ्रान्सची तांबडी बाटली दिली. अप्पा वाण्याच्या घरचे. उकिरड्यावर ओतून टाकावी म्हणून त्यांनी ती उघडली, आणि सवयीनं नाक आधी गेलं.

"त्याच्यात जांभूळ हुतं, मास्तर," ते मला सांगत. "जांभळाखालची ओली माती बी हुती. पन ती माती आपल्याकडली नव्हती. मला वाटलं, ह्यो मुलूख कसा आसंल?"

झालं. त्या दिवसापासून जो खरेदीदार येईल त्याला अप्पांचं एकच मागणं. तुमच्या गावची, तुमच्या घरात पितात ती आणा. दुकानातली भारीतली नको. असं करत करत वीस वर्षांत त्या घरात पोर्तुगालची गोड आली, स्पेनची आली, हॉलंडची आली, स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावरची व्हिस्की आली. तिला रेल्वेच्या लाकडांना लावतात त्या डांबराचा वास यायचा. ग्रीकानं आणलेल्या पांढऱ्या दारूला राळेचा वास होता. एका रशियन माणसाच्या दारूला तर वासच नव्हता. अप्पा त्याच्यावर आठवडाभर चिडलेले होते. "वासच न्हाई ती गोष्ट नरड्याखाली कशापायी घालायची? पानी काय कमी हाय का विहिरीला?" परभणीबाहेर ते फारसे गेले नव्हते. आमच्या शाळेच्या भिंतीवर जगाचा मोठा नकाशा टांगलेला होता, पण त्यातला एक देश तरी मला अप्पांएवढा ठाऊक असल्याचं आठवत नाही.

बाटल्या ते पेवात ठेवीत. आमच्याकडे जवारी ठेवायला जमिनीत खोल खड्डा खणतात, आतून शेणमातीनं लिंपतात आणि वर धोंडा ठेवून माती लोटतात. ते पेव. अप्पांच्या अंगणातल्या पेवात एका बाजूला जवारी असे आणि दुसऱ्या बाजूला भुशात आडव्या निजलेल्या बाटल्या. उन्हाळ्यात परभणी तापून तव्यासारखी झाली तरी आत गारवा असे. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, हा आमच्याकडचा दस्तूर आहे. आत कोंडलेली हवा माणसाला मारते. आधी धोंडा सारून थांबायचं, मग कंदील दोरीनं खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं. दर रविवारी दुपारी अप्पा असा कंदील सोडीत आणि काठावर बसून वाट पाहत. कंदील विझला तर रविवार फुकट. पावसाळ्यात पेव उघडतच नाहीत, पाणी शिरतं. म्हणजे ज्येष्ठापासून दसऱ्यापर्यंत ह्या दारुड्याला दारू नव्हती. हे मी गावात चार जणांना सांगून पाहिलं, चौघेही हसले.

पिण्याचा त्यांचा सोहळा पाहून माझ्यासारख्या माणसाला घाम फुटे. त्या दिवशी सकाळपासून पान नाही, तंबाखू नाही. आदल्या दिवशी लसूण नाही. तोंड धुऊन कोरड्या भाकरीचा तुकडा चावायचा. मग चांदीच्या लहानशा फुलपात्रात दोन घोट ओतायचे आणि अर्धा तास नुसते हुंगायचे. "आधी नाक, मंग जीभ," ते म्हणत. "नरडं समद्यात शेवटी. नरडं तर बैलाला बी असतंय." दोन घोट झाले की बाटलीला बूच मारून ती पुन्हा पेवात. तिसरा घोट मी कधी पाहिला नाही. मला तर त्यांनी पहिलं वर्षभर पिऊच दिलं नाही. हुंगा म्हणाले. मी हुंगलं आणि म्हणालो, दारूचा वास येतो.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमच्या नाकाला नुसती भोकं हायत."

मला राग आला. आजही आठवलं की येतो. पण त्यांचं खरं होतं, आणि त्यांचं दुःखही तेच होतं. एवढं सगळं जग त्यांच्या पेवात येऊन बसलं होतं आणि ते कुणाशी बोलावं तर माणूस नव्हता. खरेदीदार हंगामापुरते यायचे. गावातले यायचे ते गटागटा ढोसायला. अप्पांना दारू नको होती, समोर बसून "राळ आहे खरी, पण तिच्यामागं लिंबू आहे" असं म्हणणारा एक माणूस हवा होता. मी त्यांच्यासमोर बसायचो, पण मी काय, भोकं.

घरात अक्का होत्या. अक्का म्हणजे त्यांची बायको. बोरीकडचं माहेर, सडपातळ बांधा, कमी बोलणं. अप्पांनी रविवारी बाटली उघडली की त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसत आणि नाकाला पदर लावीत. अंगण ओलांडून वास जायचा तेवढा जायचाच. अप्पा बिचारे खाट उचलून पार लिंबाखाली गोठ्याजवळ नेत. "बाई देवमानूस हाय," मला हळूच म्हणत. "तिला ह्यो वास सोसत न्हाई. पन एक शब्द बोलली न्हाई कवा." वीस वर्षं एक नवरा वासाच्या भीतीनं अंगणाच्या एका टोकाला आणि बायको पदर लावून दुसऱ्या टोकाला. एवढ्या वर्षांत कुणी कुणाला काही विचारलं नाही.

अक्कांचा एक नेम होता. दर सोमवारी मठातले जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू, त्यांना सगळे अय्या म्हणत, अक्कांकडे जेवायला येत. अय्यांची पाद्यपूजा व्हायची, त्यांचं जेवण व्हायचं, मग अक्का घास घेत. लग्न होऊन आल्यापासून हा नेम एकदाही मोडलेला नव्हता. अय्या थकलेले होते, त्यांना दात नव्हते. अक्का त्यांच्यासाठी भाकरी दुधात कुस्करून ठेवीत.

आता मला ज्याची सगळ्यात जास्त चीड आहे त्याच्याकडे येतो. एकदा महसुलाचा गिरदावर घरी आला. हाताखालचा अंमलदार, पण रुबाब सुभेदाराचा. अप्पांकडे विलायती मिळते हे त्याच्या कानावर गेलेलं. अप्पांनी मोठ्या मनानं फ्रान्सची तांबडी काढली, फुलपात्रात दोन घोट दिले. गिरदावरानं फुलपात्र बाजूला सारलं, पेला मागितला, पेला भरून घेतला आणि त्यात वरून लिंबू पिळून सोडावॉटर ओतलं. मी पाहत होतो. ते उठले, त्यांनी गिरदावराच्या ओठापासून पेला काढून घेतला आणि शांतपणे कर्दळीच्या बुडात ओतला.

"साहेब," ते म्हणाले, "तुमाला ताक आनून देतो."

एवढं एकच उद्धट कृत्य मी त्यांच्या हातून पाहिलं. गिरदावर हसला, ताक न पिता गेला, आणि लक्षात ठेवून बसला.

लढाई लागली. जपानी खरेदीदार नाहीसा झाला, बोटी बंद झाल्या, नवी बाटली येणं थांबलं. अप्पा म्हणाले, "आता हाय ते पुरवून प्यायचं." दोन घोटांचा एक घोट झाला. त्याच सुमारास सरकारनं जवारीची लेव्ही बसवली, म्हणजे प्रत्येकानं ठरलेला वाटा सरकारला घालायचा. ज्यानं लपवली त्याचं पेव फोडायचा हुकूम निघाला. एका सकाळी गिरदावर चपराशी आणि पंच घेऊन अप्पांच्या दारात उभा राहिला. "पेवात जवारी छपवलीय अशी खबर आहे." जवारी किती आहे ते अप्पांनी आधीच लिहून दिलं होतं. पेवात दुसरं काय आहे ते गिरदावराला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तो आला होता. त्यानं कंदील सोडू दिला नाही, धोंडा फोडायला लावला, आणि बाटल्या एकेक करून भर अंगणात, पंचांसमोर, रस्त्यावरच्या बघ्यांसमोर मांडल्या. जप्त काही करता येत नव्हतं, विलायती बाटली घरात ठेवणं हा गुन्हा नव्हता. पण त्याचं काम झालं होतं. जे गाव इतके दिवस जाणून न जाणल्यासारखं करत होतं त्याला आता डोळ्यांनी दिसलं.

त्या मांडलेल्या बाटल्यांत एक बाटली अशी होती की तिच्यावरून माझी नजर हटत नव्हती. लेबल फ्रान्सच्या ब्रँडीचं, आत मोहाची दारू. अक्कांच्या माहेराकडे बोरीच्या रानात एक म्हातारा चोरून गाळायचा, ताजी फुलं घेऊन, नासकी नाही. अप्पांनी ती आणवून दहा वर्षं पेवात निजवली होती. "मास्तर, समद्या दुनियेत हिच्या तोडीची न्हाई," असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं होतं. पण मोहाचा ठेका सरकारनं गुत्तेदाराला दिलेला. घरात गाळलेली मोहाची सापडली की आबकारीवाले बेड्या घालून नेत. म्हणजे पाहा कसा कायदा! दूर समुद्रापारची बाटली चालते आणि आपल्या रानातल्या फुलाची चालत नाही. गिरदावरानं लेबल वाचलं आणि ती बाकीच्यांत ठेवून दिली.

दोन दिवसांनी मठात लिंगायत समाजाचे पंच बसले. पंचांत मोठा कोण, तर गुत्तेदार. तालुक्यातल्या शिंदीचा आणि मोहाचा ठेका त्याच्याकडे. पेडगावच्या बाजारादिवशी त्याच्या शिंदीखान्यासमोरून गेलं तर नालीत पडलेल्या माणसांना ओलांडून जावं लागे. त्या दारूत काय काय घालतात ते बोललं जायचं, मी इथं लिहीत नाही. ह्याच गुत्तेदाराचा भिजवलेला कापूस अप्पांनी एकदा गोऱ्यासमोर हुंगून बाजूला काढला होता. आणि आता तो कपाळाला भस्म फासून मठाच्या पायरीवर बसून म्हणतो, "लिंग धारन करनाऱ्याच्या घरात दारू? ह्यो समाजाला डाग हाय." मी तिथं होतो. मी लिंगायत नाही म्हणून मला बोलायचा अधिकार नव्हता, तरी मी बोललो. "आणि विकणाऱ्याच्या घरात?" असं मी विचारलं. मला हाताला धरून बाहेर काढलं.

ठरलं असं की अप्पांनी दारू सोडेपर्यंत अय्यांनी त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

सोमवार आला. अक्कांनी पाट मांडला, रांगोळी घातली, दुधात भाकरी कुस्करली. अय्या आले नाहीत. अक्कांनी ताट झाकून ठेवलं आणि त्या जेवल्या नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. पाण्याच्या घोटावर राहिल्या. अप्पांनी दोन घास खा म्हणून विनवलं. अक्का रागावलेल्या नव्हत्या, त्यांनी नवऱ्याला एका शब्दानं दोष दिला नाही.

"अय्या जेवले की मी जेवते," त्या म्हणाल्या. "अय्या आले न्हाईत. मंग मी कशी जेवू? तुमी जेवा."

मी मठात जाऊन अय्यांशी भांडलो. म्हातारा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "मला काय, मास्तर, मला अक्काच्या हातची भाकर लागती. पन पंच म्हनायलेत, गेलास तर मठातून निघ. ह्या वयात मी कुठं जाऊ?" अक्का तर आता भिंत धरून चालत होत्या. मी अप्पांना म्हणालो, पंचांना धुडकावा, दुसऱ्या गावचा जंगम आणू. अप्पांनी मान हलवली. दुसऱ्या गावचा जंगम ह्या गावच्या पंचांना डावलून येणार नव्हता, हे त्यांना माहीत होतं. ते उठून स्वतः मठात गेले आणि म्हणाले, ओततो.

गुत्तेदार म्हणाला, "समद्या ओतायच्या. आमच्या डोळ्यांदेखत."

"तुमच्या डोळ्यांदेखत," अप्पा म्हणाले. "पन माझ्या रीतीनं. आन शेवटची बाटली होईस्तवर कुनी उठायचं न्हाई."

पुढचं मी पाहिलं नसतं तर कुणी सांगूनही माझा विश्वास बसला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात घोंगड्या टाकल्या, पंच बसले, अय्यांना मधे बसवलं. अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भिंतीला टेकून, नाकाला पदर. अप्पांनी अंघोळ करून धूतवस्त्र नेसलं होतं. त्यांनी पहिली बाटली घेतली, बूच काढलं आणि खाली ठेवली. पंच थांबले. गुत्तेदार म्हणाला, "ओता की."

"तिला जरा हवा लागू द्या. वीस वर्सं कोंडलीय."

मग त्यांनी फुलपात्रात थोडी घेतली, हुंगली, आणि तो मुलूख सांगितला. तिथली माती कशी, ऊन कसं पडतं, द्राक्षं पायांनी तुडवतात, तुडवताना गातात. खरेदीदारांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं. सांगून झालं की फुलपात्र आणि बाटली दोन्ही कर्दळीच्या बुडात रिकामी. ओठाला थेंब नाही. मग दुसरी. पंचांना वाटलं होतं घटकाभराचं काम आहे. ऊन डोक्यावर आलं, कुणाला तहान लागली, कुणाचे पाय आखडले, पण उठायचं नाही हे त्यांनीच कबूल केलेलं. एका बाटलीचं बूच अप्पांनी सैल केलं तोच बार उडाल्यासारखा आवाज झाला, बूच गुत्तेदाराच्या पागोट्याला लागून उडालं आणि फेस उसळला. एक पंच गोळी सुटली म्हणून आडवाच झाला. मी हसलो. तेवढ्यातही मी हसलो. जपानच्या बाटलीला अप्पांनी हुंगलं आणि म्हणाले, "ही बिघडली. ही लगेच प्यायची असते, ठेवायची न्हाई. माझी चूक झाली." तिला त्यांनी नमस्कार केला आणि ओतली.

दुपार कलली तसा एक बदल झाला. पंच पुढे सरकून बसू लागले. सगळं अंगण वासानं भरलं होतं. मनुका, धूर, राळ, भाजलेले शेंगदाणे, ओली माती. एकानं हळूच विचारलं, "अप्पा, ह्यो धूर कुठून येतो?" अप्पांनी उत्तर दिलं. ज्या गावात वीस वर्षं कुणी विचारलं नाही ते त्या दिवशी, बाटली उलटी होत असताना विचारलं! मला ओरडावंसं वाटत होतं. अक्का तशाच पदर लावून बसलेल्या. त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं ग्लानी आली.

शेवटी ब्रँडीच्या लेबलाची बाटली उरली. अप्पांनी बूच काढलं आणि ह्या वेळी ते काही बोललेच नाहीत. नुसते हुंगत राहिले. गुत्तेदार उठला. त्याच्यानं राहवेना. तो जवळ आला, वाकला आणि त्यानं बाटलीच्या तोंडाशी नाक नेलं.

मोहाचा ठेकेदार तो! त्याचा जन्म मोहात गेला. त्यानं ओळखलं की संपलं, संध्याकाळपर्यंत आबकारीचे शिपाई येणार, अप्पा कोठडीत आणि अक्का उपाशी. गुत्तेदारानं डोळे मिटून दोनदा वास ओढला. मग अप्पांच्या हाताला धरलं.

"अप्पा, ही ओतू नका," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ झाला होता. "ही राहू द्या. फ्रान्स ती फ्रान्स. असली चीज आपल्याकडं जन्मात व्हनार न्हाई."

तालुकाभर मोह विकणारा हा माणूस! त्याला मोहाचा वास ठाऊक नव्हता, कारण खरा मोह त्यानं कधी कुणाला विकलाच नव्हता. सुटलो म्हणून हसावं की त्याच्या कानाखाली द्यावी हे मला कळेना. अप्पांनी त्याचा हात हळूच सोडवला. "पंचांनी समद्या म्हटलंय," ते म्हणाले आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतली.

अय्या तिथंच जेवले. मग अक्कांनी दूध-भाकरीचे चार घास घेतले. पंच निघून गेले. अंगणात मी, अप्पा आणि रिकाम्या बाटल्यांचा ढीग. अप्पा कर्दळीकडे बघत बसले होते. अक्का भिंत धरून बाहेर आल्या आणि त्यांच्याजवळ खाली बसल्या.

"शेवटली बोरीकडली हुती," त्या म्हणाल्या.

अप्पांनी वळून पाहिलं.

"मोहाची. चैतात आमी पहाटंच येचायला जायचो, तवा झाडाखाली असाच वास सुटायचा. दव आन फूल संगं. पन हिच्यात आजून कायतरी हुतं, जुनं. मधाच्या पोळ्यावानी." मग त्या म्हणाल्या, "ती राळेची मला कवाच आवडली न्हाई. धुराची चांगली. तिच्यामागं मीठ येतं."

समुद्र. ती बेटावरची होती. हे मिठाचं अप्पांनी मलासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं, आणि माझ्या भोकांना ते वर्षानुवर्षं कळलं नव्हतं.

"तुला... मंग नाकाला पदर कशाला लावत हुतीस?"

"उघड्या नाकाला समदे वास एकदम येत्यात. पदर धरला की एकेक येतो. निवडून."

"आन मला कवा बोलली न्हाईस!"

"तुमी इचारलं कवा?" अक्का म्हणाल्या. "तुमी तर खाट उचलून लांब जायचात."

मी उठून माझ्या खोलीत गेलो. माणसाला रडू येतं ते एक वेळ चालतं, पण मला इतका राग आला होता की भिंतीवर डोकं आपटावं. पंचांवर, गिरदावरावर, त्या लिंबाखालच्या खाटेवर, आणि सगळ्यात जास्त ह्या गोष्टीवर, की हे कळायला शेवटची बाटली संपावी लागली.

पंचांनी दारू ओतायला सांगितली होती. बाटल्यांचं कुणी काही बोललं नव्हतं. अप्पांनी त्या धुतल्या नाहीत, पुन्हा बुचं मारून पेवात ठेवल्या. पुढच्या रविवारी नवा धोंडा सारला, कंदील सोडला, आणि रिकामी बाटली वर आली. दोघं एका खाटेवर बसले. अप्पा उघड्या नाकानं, अक्का पदर लावून. तिथून पुढं दर रविवारी मला माझ्या खोलीत त्यांची भांडणं ऐकू येत. "मनुका हाय." "मनुका न्हाई, खारीक हाय." "तुमी सर्दीच्या नाकानं बोलायलाव." वास दर वेळी थोडा थोडा उडून जात होता, म्हणून एका रविवारी एकच बाटली, आणि तीही क्षणभर उघडून पुन्हा बंद.

निजामाचा अंमल गेला त्यानंतरच्या एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसलो होतो. मोहाची बाटली काढली होती. रस्त्यानं मिरवणूक आली, ताशे, झेंडे, घोषणा. मी दार उघडून पाहिलं. सगळ्यात पुढे गुत्तेदार. डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात हार. आमच्या दारासमोर थांबून त्यानं भाषण सुरू केलं. दारू हा समाजाला लागलेला रोग आहे, म्हणाला, आणि नव्या राज्यात तिचा थेंब शिल्लक राहू देणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी बाहेर पडणार, त्याला सगळ्यांसमोर विचारणार, इतक्यात मागून अक्कांचा आवाज आला. बाटली नाकाशी धरलेली, डोळे मिटलेले.

"दार लावा, मास्तर," त्या म्हणाल्या. "वारं यायलंय. वास जातोय."